जाऊबाईंच्या हरभऱ्यातले हंस

एका पक्ष्यापायी स्वतःच्या डोळ्याचं ऑपरेशन अडवून धरणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि नेमकं त्याच्याशीच माझं लग्न झालेलं आहे.

पक्ष्याचं नाव पट्टकादंब. हा जंगली हंस उन्हाळ्यात तिबेट-लडाखकडच्या उंच तळ्यांवर पिल्लं वाढवतो आणि थंडी सुरू झाली की हिमालय ओलांडून आपल्याकडच्या धरणांवर मुक्कामाला येतो. मला ही माहिती असण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पण आमच्या अमरावतीच्या घरात सकाळच्या चहापासून रात्रीच्या खिचडीपर्यंत दुसरा विषयच नव्हता, तेव्हा कान बंद करून किती दिवस बसणार?

हे कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, निदान भाजी तरी आणतात. यांनी लहान मुलांसाठी पट्टकादंबावर पुस्तक लिहायला घेतलं. तो कुठे राहतो, काय खातो, इतक्या उंचावर त्याला धाप कशी लागत नाही, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला ते दोन काळे पट्टे कसे असतात, सगळं लिहून झालं. फक्त पहिलं वाक्य राहिलं. 'मी हा हंस पहिल्यांदा पाहिला तेव्हा...' इथे गाडी अडली, कारण यांनी तो पाहिलाच नव्हता. सगळा अभ्यास पुस्तकांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून झालेला.

"मंग ते वाक्य काढून टाका ना," मी म्हटलं.

"पोरं पयले हेच विचारतात, आबाजी, तुमी पाह्यला का? त्यायच्याशी खोटं बोलू काय मी?"

वाणिज्य शिकवलेल्या माणसाला एवढी तत्त्वं परवडतात कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग डोळ्याचं निघालं. हे चालताना दाराच्या चौकटीला धडकायचे आणि वर चौकटीलाच बोल लावायचे. मी हसायचे. एक दिवस जिन्याची पायरी चुकली, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. उजव्याला फक्त मधलं दिसत होतं, पाइपातून बघावं तेवढं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवायची तर ऑपरेशन करून घ्या, आणि लवकर करा. डॉक्टर प्रामाणिक होते, त्यामुळे हेही म्हणाले की थोडी जोखीम असतेच, क्वचित आहे तेवढंही जाऊ शकतं. यांनी बाकी सगळं सोडून नेमकं तेवढंच धरलं. बाहेर येऊन रिक्षात बसताना म्हणाले, "आधी हंस. मंग ऑपरेशन."

घरी आल्यावर मी सोडलं नाही. मला भीती वाटली की राग येतो, हा माझा स्वभाव. हंसाला काय सोनं लागलं आहे का, इथपासून सुरुवात करून मी यांच्या सगळ्या घराण्याच्या हट्टीपणाचा हिशोब काढला. यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि दुर्बीण पुसायला घेतली. ती दुर्बीण आमच्या मुलीने वाढदिवसाला पाठवलेली. तिला वाटलं होतं, बाबांचा वेळ जाईल.

मग दिवाळीपासून आम्ही अमरावतीच्या आसपासचे तलाव पालथे घातले. मी पोळी-भाजीचा डबा आणि औषधाचे थेंब घेऊन तलावाच्या पाळीवर बसायचे, हे दुर्बीण घेऊन उभे. त्या पाइपाएवढ्या नजरेला दुर्बिणीत पक्षी सापडेपर्यंत पक्षी कंटाळून उडून जायचा. चांदूर बाजारच्या बाजूला हंस उतरलेत असं कोणीतरी सांगितलं म्हणून धावत गेलो, तर ते बगळे निघाले. मुलीच्या लग्नाच्या वेळी चांगल्या स्थळाचीसुद्धा मी इतकी वाट पाहिली नव्हती. मी मनातल्या मनात त्या पक्ष्याला विनवायला लागले की बाबा रे, तू ये, नुसतं तोंड दाखव आणि जा, म्हणजे मला या माणसाला दवाखान्यात घालता येईल.

जानेवारी सरत आला आणि थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. जाऊबाई म्हणजे यांच्या चुलत भावाच्या पत्नी. हिवरखेडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका धरणाजवळच्या गावात राहतात. यांना त्या 'भाऊजी' म्हणतात आणि दीर-भावजयीच्या नात्याने या वयातही एकमेकांची टांग खेचणं चालू असतं.

"भाऊजी, तुमचे ते हिमालयाचे पावने माह्या हरभऱ्यात येऊन राहिले," त्या म्हणाल्या. "शेंडा ठेवून नाई राहिले एकाही झाडाले. या अन् घेऊन जा."

त्यांचा तो हरभरा गाळपेराचा. धरणाचं पाणी उतरतं तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हरभरा-गहू पेरतात, त्याला गाळपेर म्हणायचं. पाण्याला लागून कोवळं हिरवं पीक, म्हणजे पट्टकादंबासाठी ताट वाढून ठेवल्यासारखंच. हा हंस गाईसारखा चरतो. दिवसा पाण्यात किंवा काठावर आराम करतो आणि अंधार पडला की शेतात शिरतो, ते उजाडेपर्यंत खातो. हे सगळं मी पाठ केलेलं नाही, माझ्या कानावर आदळलेलं आहे.

दुसऱ्याच दिवशी अकोट-हिवरखेड करत आम्ही पोचलो. जाऊबाईंनी यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्याचं त्यांना मी फोनवर सांगितलं होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. "बारीक झाले भाऊजी. बाई काई खाऊ घालत नाई का?" एवढंच म्हणाल्या आणि मला डोळा मारला. दिवेलागणीआधी त्या काखेत एक गाठोडं मारून, पोरांना मागे घेऊन शेताकडे जाऊन आल्या. शेताची कामं संपत नसतात, म्हणून आम्ही काही विचारलं नाही. यांचं सगळं लक्ष दुसऱ्या दिवसाच्या तयारीत होतं. जाऊबाईंची सात वर्षांची नात आणि गल्लीतली तिची टोळी यांनी सोबत यायला पटवली होती. मुलांसाठी पुस्तक, तर मुलांसोबतच पहिला हंस बघायचा, असं यांचं म्हणणं.

पहाटे निघालो तेव्हा धुकं असं दाटलेलं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. मी यांचा दंड धरून चालवत होते. बांधाशी पोचून सगळे खाली बसलो. हळूहळू उजाडलं, आणि समोरच्या हरभऱ्यात पांढरं पांढरं काहीतरी दिसायला लागलं. इथे एक, तिथे दोन, पुढे आणखी. अंगं फुगवून बसल्यासारखी. एकाने तर जरासा पंखही हलवला.

यांनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. "दिसले," हे म्हणाले. "मले दिसून राहिले. किती हायत पाह्य."

मग यांनी मुलांना जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात सुरू झाले. बघा, हे पाहुणे किती लांबून आलेत. वाटेत बर्फाचे डोंगर लागतात, तिथे हवा इतकी पातळ असते की माणसाला दोन पावलं चालवत नाही. हे मात्र पंख मारत मारत पार होतात. एवढं उडून भूक लागते, म्हणून आजीचा हरभरा खातात. आपण त्यांना दगड मारायचा नाही, फटाके फोडायचे नाहीत. धरणाचा काठ हे त्यांचं थंडीतलं घर आहे. आपल्या घरात कोणी दगड मारला तर? मुलं मांडी घालून, हाताची घडी घालून ऐकत होती. आयुष्यभर शिकवलं मी, पण इतका शहाणा वर्ग मला कधी मिळाला नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता.

धुकं थोडं हललं आणि मला सगळ्यात जवळच्या हंसाला काठ दिसला. लाल काठ, धोतराला असतो तसा.

मग बाकीचेही कळले. एक उशीचा अभ्रा होता. दोन मांजरपाटाचे तुकडे होते. जाऊबाईंनी आंब धरायला कपडे टाकले होते. हरभऱ्याच्या पानांवर थंडीत आंबट दव धरतं. संध्याकाळी झाडांवर स्वच्छ फडकी पसरायची, ती रात्रभर भिजतात, सकाळी पिळायची. ते आंबट पाणी म्हणजे आंब, पोटदुखीवर घरोघरी बाटलीत भरून ठेवतात. माझ्या माहेरीही टाकायचे. मला ते ओळखायला एवढा वेळ लागावा, याचा दोष मी धुक्याला देते.

यांच्याकडे पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी यांचा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आणि माझ्या मनात आलं, गप्प बसावं. यांना दिसला हंस. झालं. परत जायचं, गाडी पकडायची, सरळ दवाखाना. यांच्या पहिल्या वाक्याचं काय ते माझ्या डोक्यावर पाप. धुकं आहे तोवर यांना इथून उठवायचं, एवढंच काम होतं. मी खरोखर उठले आणि म्हटलं, "चला, थंडी लय हाय. दिसले ना आता?"

हे उठतच होते, तेवढ्यात जाऊबाईंच्या नातीने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"आबाजी, मंग हे हंस उडून काहून नाई राहिले?"

"त्यायचं पोट भरलं असंन बेटा," हे म्हणाले.

उत्तर पूर्ण होतं न होतं तोच धुक्यातून जाऊबाई आल्या, हातात पातेलं. त्यांनी पहिला हंस शेपटीपासून उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि पातेल्यात करकचून पिळला.

मुलांनी आता हसायला सुरुवात केली ती थांबेचना. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी आजीसोबत फडकी टाकायला तीच तर गेली होती. पण आबाजी एवढं मन लावून सांगत होते, तर मध्येच कसं बोलायचं, म्हणून ऐकून घेतलं होतं. जाऊबाईंना काय झालं ते कळलं आणि त्या पातेलं खाली ठेवून बांधावरच बसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या हंसाले काठ हाय, पाह्यला का?" मीही हसले. हसू आवरणं शक्यच नव्हतं.

हेही हसले, पण जरा उशिराने. आणि मग थांबले. मला तेव्हा कळलं की धुकं आमच्या सगळ्यांसाठी विरळ झालं होतं. यांना अजूनही ते पांढरेच दिसत होते.

दिवसभर यांनी हंसाचं नाव काढलं नाही. जेवणं झाल्यावर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "उद्या दुपारच्या बसनं निघू. ऑपरेशन करून टाकू. धोतर अन् हंस यायच्यातला फरक कळून नाई राहिला, तर पाह्याचं तरी काय?"

महिनोन् महिने मला जे ऐकायचं होतं तेच हे बोलले होते. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. यांनी हट्ट सोडला की मला यांचं काय करावं ते सुचत नाही.

जाऊबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मला आत घेऊन गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, ते कपडे मी निस्त्या आंबीसाठी नाई टाकत. एवढी आंब कोन पेते? कपडे पाहून ते पाखरं उतरत नाईत, म्हनून सारं वावर झाकून ठेवलं व्हतं. भाऊजी पान्यातले हंस पाह्यतीन असं वाटलं मले."

"आता काय करायचं?"

"आज नाई टाकत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी गाठोडं घरातच राहिलं. शेजारच्या तुकड्यात गावातल्या कापडदुकानवाल्या चाचांचा गहू होता. मांजरपाटाचे तुकडे त्यांच्याच दुकानातले. ते रोज अंधार पडला की हंसांसाठी सुतळी बॉम्ब फोडायचे. जाऊबाई त्यांच्याकडे स्वतः गेल्या. चाचांनी आधी कपाळाला हात लावला. "भाभी, एका रातीत अर्धं वावर साफ करतीन ते." मग म्हणाले, "मास्तरले दिसू द्या. आज फटाके बंद." हे वाणिज्याचे प्राध्यापक होते, पण गावाला ते मास्तरच. यांना यातलं काहीच सांगितलं नाही. सकाळी फिरायला जाऊ, एवढंच मी म्हटलं.

सकाळी धुकं पातळ होतं. बांधाजवळ येण्याआधीच आवाज आला. भसाडा, नाकातून काढल्यासारखा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लगेच री ओढायची. हे जागच्या जागी थांबले. हा आवाज यांनी मोबाइलवर इतका वाजवला होता की आमची कामवालीसुद्धा ओळखेल.

आम्ही बसलो. मुलं मागे, आज खरोखर चूप. हरभऱ्यात राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्याचे हंस पसरले होते आणि शेंडे खुडत आरामात पुढे सरकत होते. कोणी कोणाची घाई करत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वरपक्ष जेवतो तसे जेवत होते. जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "खा बापा, खा. आज भाऊजीच्या नावानं खा."

"कुठं हायत?" हे दुर्बीण डोळ्याला लावून मान फिरवत होते. "कुठं?"

"त्या बाभळीच्या खाली."

"बाभूळ कुठं हाय?"

मी यांच्या गळ्यातून दुर्बीण काढली. यांच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी यांचं डोकं धरलं, कानांच्या वरून. जाऊ समोर, पोरं मागे, पलीकडच्या बांधावर चाचा. इतक्या लोकांत मी यांना कधी असा हात लावला नव्हता. एक पोरगी खुदकन हसली. हसू दे म्हटलं.

"उजवीकडे. जरा. आता थांबा. खाली. लय झालं, वर. हळू."

यांचं डोकं माझ्या हातात एकदम स्थिर झालं. मी यांच्या केसांवरून पुढे पाहायचा प्रयत्न केला. जवळच एका हंसाने मान वर करून डोकं वळवलं असावं, कारण हे पुटपुटले, "दोन हायत. खरंच दोन पट्टे हायत." यांनी ते कितीदा लिहिलं होतं, तरी मोजून खात्री केली. श्वाससुद्धा हळू घेत होते. मला फार आनंद झाला, पण हात हलला तर यांचा हंस निसटेल म्हणून मी दात आवळून हात घट्ट ठेवले. गुडघ्याखाली ढेकूळ होतं, ते रुतत होतं. तरी हलले नाही.

ऊन आलं, तसे ते सगळे एकदम उठले आणि ओरडत पाण्याकडे गेले. चाचांच्या गव्हात आणि जाऊबाईंच्या हरभऱ्यात मोठाले खळगे पडल्यासारखे दिसत होते. जाऊबाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि पोरांना घराकडे हाकललं.

घरी आल्यावर यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. उभ्या उभ्या चहा घेतला. नातीला बोलावून सांगितलं, "आता विचार, आबाजी, तुमी पाह्यला का?" तिने विचारलं. "पाह्यला," हे म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. मग माझ्याकडे वळले. "चल, बॅग भर. दवाखान्यात फोन करून टाक. पाह्यजे तो दिवस दे म्हणा त्याहिले."

इतके दिवस मी हंसाच्या नावाने बोटं मोडत होते. पण तो दिसत नव्हता तोवर ऑपरेशनही लांब होतं, आणि ते लांब होतं तोवर यांना हंस दिसेल एवढी नजर शिल्लक होती. आता मध्ये काहीच उरलं नव्हतं. डॉक्टरांचा तो 'क्वचित' शब्द मला पहिल्यांदाच नीट ऐकू आला. मी बॅगेची चेन उघडली आणि तशीच बसून राहिले.

"आज कायले?" मी म्हटलं. "उद्या जाऊ."

"आता तुले काय झालं?" हे हसायला लागले. "महिनोन् महिने माही पाठ पुरवली तू."

जाऊबाईंनी पोळी लाटता लाटता मान वर केली.

"मले बरोबर दिसला नाई हंस," मी म्हटलं. "मी तुमचं डोकं धरून होती."

मान थोडी इकडे, थोडी तिकडे करत यांनी मला शोधलं, नजर माझ्या तोंडावर आणून ठेवली आणि बराच वेळ तिथेच राहू दिली.

"बरं," हे म्हणाले. "उद्या तुले दाखवतो."